मांजर सगळ्यांचं, ट्रे आईचा

शहरातल्या सुशिक्षित घरात मांजर येण्याची रीत आता ठरून गेली आहे. कन्येला पार्किंगमध्ये एक पिल्लू सापडतं. सापडतं म्हणजे, ते आपल्या आईची वाट बघत एका स्कूटरखाली बसलेलं असतं आणि कन्या त्याला परस्पर अनाथ जाहीर करते. बाबा म्हणतात, “माझ्या घरात हे चालणार नाही.” संध्याकाळी बाबाच त्याच्यासाठी दूध कोमट करतात. (बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पण आपल्याकडे मांजराला दूध न देणं हा बालभारतीचा अपमान समजला जातो.) रात्री चिरंजीव त्याचं इन्स्टाग्राम खातं उघडतात. आजी त्याला वाघाची मावशी म्हणून मानाने पलंगावर घेते. या सगळ्या धांदलीत आई एवढंच विचारते, “याची शी-शू कोण काढणार?”

“मी!” असा तीन आवाजांत एकदम घोष होतो. लोकशाहीत इतकं एकमत फक्त शपथविधीला दिसतं, आणि त्याचं पुढे काय होतं ते आपण सगळे जाणतो.

वाड्यांच्या काळी हा प्रश्न नव्हता. मांजर होतं, पण ते कोणाचंच नव्हतं. ते परसात जायचं, मातीत खड्डा करायचं, कार्यभाग उरकून वर माती लोटायचं आणि काहीच घडलं नाही अशा चेहऱ्याने उंबऱ्यावर अंग चाटत बसायचं. पुढचं माती बघून घ्यायची. आता सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटला परस नाही. घरात माती आहे ती फक्त बाल्कनीतल्या तुळशीच्या कुंडीत, आणि मांजराला ते पहिल्याच आठवड्यात कळतं. सकाळी तुळशीला पाणी घालायला गेलेल्या आजीच्या तोंडून जे शब्द बाहेर पडतात, ते तिच्या रोजच्या स्तोत्रांत नाहीत. वाघाची मावशी त्या दिवसापासून ‘मेलं मांजर’ होते, आणि घरात माती विकत आणायचं ठरतं.

माती पिशवीत भरून विकण्याची ही विद्या अमेरिकेची. १९४७ साली मिशिगन राज्यातल्या कॅसोपोलिस गावात कडाक्याची थंडी होती. एडवर्ड लो या तरुणाकडे शेजारीण आली. तिच्याकडची मांजरासाठीची वाळू गोठली होती, आणि राख टाकावी तर मांजर राखेचे पाय घरभर उठवायचं. लो यांचा धंदा कारखान्यांत सांडलेलं तेल-ग्रीस शोषून घेणाऱ्या मालाचा. त्यांनी तिला चिकणमातीचे वाळलेले खडे दिले. बाई खूश झाली, मांजरही. लो यांनी पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, त्यांवर ‘किटी लिटर’ असं लिहिलं आणि ६५ सेंट किंमत लावली. वाळू जवळजवळ फुकट मिळत असताना माती पैसे देऊन कोण घेईल, असं दुकानदाराला वाटलं. माणसाच्या नाकाची त्याला पुरेशी कल्पना नव्हती.

ती माती म्हणजे फुलर्स अर्थ. आपली मुलतानी माती तिच्याच कुळातली. म्हणजे कच्चा माल आपल्या मावशी-आत्यांच्या डब्यात पिढ्यान्‌पिढ्या पडून होता. आपण तो तोंडाला फासत बसलो, मांजरापुढे ठेवावा हे कोणालाही सुचलं नाही. पुढे १९८०च्या दशकात ओलावा लागताच फुगून घट्ट गोळा होणारी बेंटोनाइट माती या कामी आली, आणि सगळा ट्रे न उपसता फक्त गोळे उचलायची सोय झाली. बेंटोनाइटचे मोठे साठे आपल्या कच्छमध्ये आहेत. तरीही कन्या ऑनलाइन जी पिशवी मागवते, तिच्यावर निळ्या डोळ्यांचं परदेशी मांजर असतं आणि खाली ‘लॅव्हेंडर’ असं लिहिलेलं असतं. लॅव्हेंडरचं शेत या घरातल्या कोणीही पाहिलेलं नाही. मांजराने तर नाहीच.

आता वासाचं शास्त्र थोडक्यात सांगतो, कारण पुढचा सगळा कलह त्यावर उभा आहे. मांजराची लघवी ताजी असते तेव्हा वास बेताचा असतो. तिच्यात युरिया असतो, जिवाणू त्याचा अमोनिया करतात आणि या कामाला त्यांना वेळ लागतो. त्याखेरीज मांजराच्या लघवीत फेलिनाइन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं. ते तयार होण्यामागे कॉक्सिन हे प्रथिन आहे, असं जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं. फेलिनाइन मोडत जातं तसा तो खास, डोळ्यांत पाणी आणणारा दर्प सुटतो. नसबंदी न केलेल्या बोक्यात त्याचं प्रमाण सर्वांत जास्त. बोका भिंतीवर फवारा मारतो तेव्हा तो घाण करत नसतो, स्वतःचा बायोडेटा चिकटवत असतो. तो वाचणारं कोणी सातव्या मजल्यावर नाही, हे त्याला कोण सांगणार? त्यावर उपाय म्हणजे वेळेवर नसबंदी. पण हा विषय निघाला की बाबा पेपर वर धरतात आणि “बिचाऱ्याला कशाला” असं पुटपुटतात.

या सगळ्या शास्त्राचा व्यवहारातला अर्थ इतकाच, की जिवाणूंना वेळ देऊ नये. सकाळ-संध्याकाळ चाळणीच्या पळीने गोळे उचलावेत, अधूनमधून ट्रे रिकामा करून साध्या साबणाने धुवावा, वाळवावा, तळाला चिमूटभर खायचा सोडा भुरभुरावा आणि तीनेक इंच माती घालावी. दोन मिनिटांचं काम. पण दोन मिनिटांत सुटणारा प्रश्न मध्यमवर्गाला प्रश्नच वाटत नाही. त्यात खरेदी नाही, चर्चा नाही, आणि मुख्य म्हणजे वाकावं लागतं.

म्हणून घरातला प्रत्येक जण वासावर काही ना काही करतो, फक्त वासाच्या उगमाशी कोणी जात नाही. आजी कापूर जाळते. आजोबा कपाटातल्या डांबराच्या गोळ्या काढून ट्रेभोवती रांगोळीसारख्या मांडतात. बाबा फरशीवर फिनाईल ओततात, कारण मराठी माणसाचा स्वच्छतेचा पुरावा म्हणजे फिनाईलचा वास. कन्या निलगिरीच्या तेलाचा डिफ्यूझर लावते. या चारही गोष्टी मांजराला अपायकारक आहेत. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायला जी क्रिया माणसाच्या यकृतात चालते, ती मांजरात अगदीच दुबळी असते. फिनाईलच्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं आणि विष थेट पोटात जातं. चिरंजीवांनी तर एकदा ट्रेमध्ये ब्लीच ओतायचं ठरवलं होतं. अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू सुटतो. मांजराचा वास घालवता घालवता घरचेच गेले असते. आईने वेळीच बाटली हिसकावली, आणि ‘आई नवीन काही करूच देत नाही’ हे मत घरात आणखी पक्कं झालं.

मग कोणीतरी झाकणाचा ट्रे आणतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आपलं राष्ट्रीय धोरणच आहे. वास आत कोंडतो, बाहेरच्यांना तो येत नाही, म्हणून कोणी तीन दिवस आत डोकावत नाही. माणसाच्या कैकपट तिखट नाक घेऊन आत बसायचं असतं ते मांजराला. ते एकदा जातं, दुसऱ्यांदा दारातूनच परत फिरतं आणि तिसऱ्यांदा इस्त्रीच्या कपड्यांची टोपली निवडतं. यावर घरची प्रतिक्रिया, “एवढा महागाचा ट्रे आणला तरी याला अक्कल नाही.” अक्कल कोणाला नाही हे टोपलीतल्या बाबांच्या पांढऱ्या शर्टाला विचारावं.

निसर्गाने आणखी एक गंमत करून ठेवली आहे. सतत येणाऱ्या वासाची नाकाला सवय होते आणि तो येईनासा होतो. त्यामुळे ट्रेचं परीक्षण करायला घरातलं नाक अपात्र ठरतं, त्याला बाहेरचा तज्ज्ञ लागतो. हे तज्ज्ञ म्हणजे पाहुणे. कन्येला बघायला आलेली मंडळी दारात चपला काढतानाच म्हणतात, “अरे वा, मांजर आहे वाटतं!” तेव्हा मांजर आतल्या खोलीत झोपलेलं असतं, ते त्यांनी पाहिलेलंही नसतं. बाबा लगेच खिडकी लावून घेत म्हणतात, “नाही नाही, खाली कचऱ्याचे डबे आहेत ना, महापालिका उचलतच नाही वेळेवर.” महापालिकेच्या माथी आजवर बरंच मारलं गेलं, त्यातलं बरंच खरंही आहे, पण बोक्याच्या लघवीचा आरोप तिने निमूट सोसावा हे जरा जास्त झालं. पावसाळ्यात खिडक्या चार महिने बंद, माती हवेतल्या ओलाव्यानेच अर्धी भिजलेली. तेव्हा तर महापालिका रोज दोषी ठरते.

सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला तेव्हा सेक्रेटरींनी मांजर पाळायला बंदी घालायचा ठराव मांडला. पाळीव प्राण्यांवर अशी बंदी सोसायटीला घालता येत नाही, हे कन्येने उभं राहून सांगितलं. राज्यघटनेच्या कलम ५१-क मधलं प्राणिमात्रांविषयीच्या करुणेचं कर्तव्यही ऐकवलं. टाळ्या पडल्या. मग तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, की सातव्या मजल्यावरून ड्रेनेज तुंबतं ते कशाने? चिरंजीव ट्रे संडासात ओतून फ्लश करत होते. पाणी लागलं की फुगणं हाच जिचा गुण, ती माती सात मजल्यांच्या पाइपातून सुखरूप उतरेल असा त्या अभियंत्याचा हिशेब होता. तो अभियंता संगणकाचा आहे, हे इथे नमूद करणं भाग आहे. तेव्हापासून गोळे कचऱ्यात जातात. ते ओल्या डब्यात टाकायचे की सुक्या, यावर घरात दोन तट आहेत, आणि दोन्ही तटांनी अजून एकही गोळा उचललेला नाही.

मधे थोरल्या सुनेला दिवस गेले. ताबडतोब सगळ्या नातेवाइकांना टॉक्सोप्लाझ्मा हा शब्द पाठ झाला. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं, की मांजराच्या विष्ठेतून आलेला तो परजीवी बाधणारा होईपर्यंत साधारण एक ते पाच दिवस जातात. म्हणून ट्रे रोज साफ व्हावा, आणि तो गरोदर बाईने नव्हे, दुसऱ्या कोणीतरी करावा. ‘दुसऱ्या कोणीतरी’ हे शब्द ऐकताच मांजर कोणाला तरी देऊन टाकावं असं घरातल्या तिघांना एकाच वेळी वाटू लागलं. इन्स्टाग्रामवर मात्र त्या आठवड्यात ‘माय बेबी, माय लाइफ’ अशी चित्रफीत पडली.

शेवटी चिरंजीवांनी यंत्रच आणलं. गोल घुमटासारखं, विजेवर चालणारं. मांजर बाहेर पडलं की ते आपोआप फिरतं, गोळे चाळतं आणि खालच्या खणात टाकतं. किमतीत एक बरा फ्रिज आला असता. यंत्राचं अॅप आहे. मांजर कितीदा गेलं, किती वेळ बसलं, वजन किती, सगळं फोनवर येतं. आजोबांच्या शुगरची नोंद या घरात कोणी ठेवत नाही. एकच अडचण निघाली, खण भरल्यावर तो कोणीतरी रिकामा करावा लागतो. तसा निरोप यंत्र पाठवतं. तो चिरंजीवांच्या फोनवर येतो, चिरंजीव तो कुटुंबाच्या ग्रुपवर पाठवतात. बाबा अंगठा दाखवतात. कन्या हृदय टाकते. सून नमस्कार करते.

मागच्या रविवारी ग्रुपवर अंगठा, हृदय, नमस्कार असं सगळं रीतसर झालं आणि खाली एक राखाडी ओळ उमटली. आईने ग्रुप सोडला होता. चौकशीअंती कळलं, की ती नाशिकला बहिणीकडे गेली आहे, परतीचं तिकीट काढलेलं नाही, आणि फोन करून फक्त मांजर जेवलं का एवढंच विचारते.

मंगळवारी घरकामाच्या मावशींना बोलावून घेण्यात आलं. मांजराचं काही करणार नाही, ही अट त्यांनी कामाला लागतानाच घातली होती आणि ती अडीच वर्षं तंतोतंत पाळली होती. बाबांनी चहा पुढे केला, यंत्र किती सोपं आहे ते समजावलं, खण ओढून दाखवायला गेले आणि अर्ध्यातच मागे सरले. मावशींनी चहा संपवला आणि महिन्याचा आकडा सांगितला.

“अहो मावशी,” बाबा म्हणाले, “एवढ्याशा कामाचे?”

“एवढंसंच आहे ना दादा,” मावशी कपबशी विसळत म्हणाल्या, “मग तुम्हीच का नाही करत?”