पालेभाजीचे परदेशी चाळे

ऐकलंत का? चिकोरी रोममध्ये भलत्याच थाटात राहते म्हणे! तीच हो, कॉफीच्या पुड्यावर बारीक अक्षरांत जिची टक्केवारी छापलेली असते ती. आपण बिचारीला भेसळीच्या खात्यात टाकून मोकळे. पण कॉफीत पडतं ते तिचं मूळ. पाला तिकडे ‘चिकोरिया रिपासाता’ या नावानं मिरवतो. रिपासाता म्हणजे पुन्हा एकदा फिरवलेली. एकदा शिजून बाईसाहेबांचं भागत नाही, परत कढईत!

आधी मिठाच्या उकळत्या पाण्यात पाला शिजवायचा, मग निथळून धुणं पिळावं तसा पिळायचा. जीवनसत्त्वं मोरीत गेली म्हणून छाती पिटू नका, त्या पाण्याबरोबर कडवटपणाही जातो. आणि न पिळता तेलात टाकलेला पाला परतला जात नाही, आपल्याच पाण्यात रटरटत बसतो. मग ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण, सुकी मिरची, वर हा पाला. बस्स! मोहरी नाही, हिंग नाही, दाण्याचं कूट नाही. लसूण करपला की सगळंच कडू, एवढीच काय ती धास्ती. काही जण अँकोव्ही नावाची खारवलेली मासळी तेलात अशी विरघळवतात की माग राहत नाही. सोवळ्यातल्यांनी सावध असावं.

स्पेनमधल्या कातालोनियाची तऱ्हा तर विचारूच नका. पालकात बेदाणे! वर पाइन नट, म्हणजे आपल्या चिलगोज्यांची बुटकी भावंडं. अहो, पालक आहे की प्रसादाचा शिरा? ग्रीसमध्ये उन्हाळ्यात माठाच्याच कुळातली ‘व्लिता’ उकडून लिंबू पिळून खातात, आणि घोळ तर चक्क कच्ची, सॅलडमध्ये. आपल्याकडे घोळीला मंडईत कोपऱ्यातली जागा.

पण खरी भानगड तेलाची. आमच्या सोसायटीत हे सगळं ‘मेडिटरेनियन डाएट’ म्हणून शिरलंय. ज्यांच्यामुळे या आहाराचा जगभर बोलबाला झाला, त्या अमेरिकन अ‍ॅन्सल कीज यांचा सात देशांतला अभ्यास १९५८मध्ये सुरू झाला. त्यात क्रीट बेटावरचे लोक हृदयविकारात सगळ्यांच्या मागे, आणि त्यांच्या रोजच्या उष्मांकांतले जवळपास ४० टक्के स्निग्ध पदार्थांतून, त्यातही मुख्यतः ऑलिव्ह तेलातून! तेलात शिजवलेल्या भाज्यांना ग्रीकमध्ये नावच आहे ‘लादेरा’, म्हणजे तेलातल्या. लाज म्हणून नाही हो लोकांना. आणि कीज स्वतः दक्षिण इटलीतल्या पिओप्पी गावात घर करून राहिले, शंभरी ओलांडली, २००४मध्ये गेले. २०१०मध्ये युनेस्कोनं हा आहार वारसा म्हणून यादीतही बसवला. यादीत तेल पुसून घ्यायला सांगितल्याचं काही ऐकिवात नाही.

परवा तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी जेवायला बोलावलं. ताटलीत पालकाचं ओलं फडकं. ‘ऑलिव्ह ऑइल फक्त अर्धा चमचा हं, तेही चौघांत!’ असं अभिमानानं सांगून त्या पोळ्या आणायला आत वळल्या. तेवढ्यात भाऊंनी खुर्चीमागून घाण्याच्या शेंगदाणा तेलाची बाटली काढली आणि माझ्या पानात, स्वतःच्या पानात अशी धार सोडली की क्रीटचा शेतकरीही मान डोलवील. वर लसणाची चटणी.

आम्ही दोघांनी भाजी दोनदा मागून घेतली. वहिनी हरखून गेल्यात, आता दर बुधवारी करणार म्हणतात. त्यांना सांगू नका हं, माझं नाव येईल.