कॉम्प्युटर वाढवणारे अण्णा

जुन्या वळणाच्या मराठी घरात काही बंद होत नाही. दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दिवासुद्धा विझवायचा नसतो, मालवायचा असतो. हे सगळं अंगात मुरलेले आमच्या वरच्या मजल्यावरचे अण्णा एका रात्री नातवाला म्हणाले, "अरे, दहा वाजले. तो कॉम्प्युटर वाढव आता."

नातवाने आवाज वाढवला.

अण्णा ही एक व्यक्ती नाही, जमात आहे. प्रत्येक इमारतीत तिचा निदान एक प्रतिनिधी असतोच. भर दुपारी जिन्यातला दिवा जळताना दिसला की तीन मजले चढून तो मालवणारा हाच. गॅसचा रेग्युलेटर, गीझर, मोरीतला नळ अशी रात्रीची फेरी झाल्याशिवाय याला झोप लागत नाही. टीव्हीवर तर त्याचा खास राग, कारण टीव्ही लाल डोळा उघडा ठेवून झोपतो. आमचे अण्णा आमच्याकडे चहाला आले की निघताना दिवाणखान्यातला पंखा बंद करून जातात. आम्ही तिथेच बसलेले असतो.

याहून नवल म्हणजे अण्णांची सगळी नोकरी वीज मंडळात गेली. मंडळाच्या २००५ साली चार कंपन्या झाल्या, पण त्याआधीच निवृत्त झाल्यामुळे अण्णांच्या लेखी मंडळ अजून अखंड आहे. जन्मभर लोकांना वीज दिली आणि आता ती एकेक युनिट करून परत गोळा करायचं काम चाललंय, असं मला त्यांच्याकडे पाहून वाटतं.

कॉम्प्युटरबद्दल मात्र त्यांच्या मनात एके काळी आदर होता. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्या टेबलावर विंडोज ९५ आलं होतं. तेव्हा कॉम्प्युटर बंद करायला सांगितला की तो आपली आवराआवर करायचा आणि मग काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत कळवायचा, की आता यंत्र बंद करायला हरकत नाही. शेवटचं बटण माणसाने दाबायचं. "काय अदब होती!" अण्णा अजून म्हणतात. "साहेब, माझं झालं, आता तुम्ही म्हणाल तसं." हल्लीचे कॉम्प्युटर न विचारता विझतात आणि नातवाच्या खोलीतला तर विझतच नाही. रात्रभर काहीतरी 'उतरवत' असतो. शंभर वॅट धरले तरी आठ तासांचे ०.८ युनिट, महिन्याचे चोवीस. हा हिशेब अण्णांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला करून ठेवला आहे.

एका संध्याकाळी ते खाली माझ्याकडे आले. "मी सांगायचं आणि त्याने ऐकायचं, हे आता होणार नाही. यंत्रालाच सांगता येईल का?"

येतं, असं मी म्हणालो, हीच माझी चूक. विंडोजमध्ये 'शटडाउन' नावाची आज्ञाच आहे. तिच्यापुढे तिरकी रेघ देऊन एस लिहायचा, म्हणजे बंद हो. पुन्हा तिरकी रेघ देऊन टी आणि त्यापुढे आकडा, म्हणजे इतक्या वेळाने बंद हो. तिरकी रेघ कोणत्या अंगाला कलते यावर आमची पंधरा मिनिटं गेली. मग मी म्हणालो, "अण्णा, वेळ मात्र सेकंदात द्यावी लागते. तासाचे ३६००."

मला वाटलं, इथे सुटका होईल. पण समोरचा माणूस पावकी, निमकी, पाऊणकी पाठ असलेला होता. "सव्वा तासाचे ४५००, दीडचे ५४००," अण्णा डोळे मिटून म्हणाले, "आणि औट तासाचे १२,६००. हे फार चांगलं आहे रे!" ज्या औटकीपायी लहानपणी मार खाल्ला, तिचा उपयोग इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच होत होता. सव्वासात वाजले होते, दहाला पावणेतीन तास. कागद न घेता त्यांनी ९९०० टंकले. मी तोवर मोबाइलमधला कॅलक्युलेटर शोधत होतो.

पहिल्या आठवड्यात अपघात झाले. एकदा शून्य राहिलं आणि तासाऐवजी सहा मिनिटांत यंत्र निजलं. एकदा टी लिहायचाच राहिला, तेव्हा कॉम्प्युटरने आपल्या मनाने तीस सेकंदांची मुदत दिली. नातवाला काही कळायच्या आत खोलीत अंधार झाला. त्याने दुसऱ्या दिवशी कॉलेजात चौकशी करून उतारा आणला. त्याच आज्ञेला एस आणि टीऐवजी नुसता ए लावला की ठरलेली झोप रद्द होते. ती आज्ञा त्याने पडद्यावर एका चिन्हात दडवून ठेवली आणि चिन्हाला नाव दिलं 'अभ्यास'. रात्री दहाच्या सुमाराला नातू न चुकता अभ्यास उघडतो, हे पाहून अण्णा काही दिवस सद्गदित होते.

फसवणूक कळल्यावर त्यांनी मला टास्क शेड्युलर उघडायला लावलं. यात रोज सेकंद मोजायला नकोत. दररोज रात्री दहा, असं एकदा नोंदवलं की झालं. तिथे पुष्कळ चौकटी असतात. सरकारी अर्ज भरायची सवय असलेल्या माणसाने एकही चौकट रिकामी सोडली नाही. त्यातली एक अशी होती, की ठरलेली वेळ हुकली तर संधी मिळताच काम उरकून घ्यावं. एके दिवशी रात्री नऊलाच वीज गेली. सकाळी नातवाने कॉम्प्युटर सुरू केला आणि थोड्याच वेळात तो आपणहून बंद झाला. पोरगं वैतागलं. अण्णा म्हणाले, "काल राहिलेलं काम आज आल्या आल्या केलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा कर्मचारी पाहिला नाही."

यश मिळाल्यावर मोहीम सूनबाईंच्या लॅपटॉपकडे वळली. सूनबाईंचं काम अमेरिकेतल्या लोकांबरोबर, म्हणजे आपल्याकडे दहा वाजता तिकडे दिवस सुरू. पण सासऱ्यांनी लावलेला नियम काढून टाकायचा नसतो, त्याला वळसा घालायचा असतो, हे ज्ञान त्यांना लग्नाआधीपासून होतं. टास्क शेड्युलरमध्ये आणखी एक खूण मुळातच केलेली असते. यंत्र भिंतीच्या विजेवर असेल तरच काम सुरू करायचं, बॅटरीवर असेल तर नाही. सूनबाई दहाला पाच मिनिटं असताना चार्जरचं बटण बंद करतात आणि खोलीचं दार लोटून निवांत मीटिंगला बसतात. अण्णा फेरीवर आले की त्यांना भिंतीवरचं बंद बटण दिसतं. "सूनबाई तर चार्जरचासुद्धा स्विच बंद करते," असं ते गच्चीवरच्या ज्येष्ठ मंडळींत सांगतात. मी ऐकून घेतो. त्या घराची शांतता माझ्याच्याने मोडवत नाही.

मग जे व्हायचं ते झालं. जिन्यातल्या दिव्यांविषयी सोसायटीला द्यायचं तीन पानी पत्र अण्णा नातवाच्या त्या जुन्या कॉम्प्युटरवर नोटपॅडमध्ये लिहीत बसले होते. एरवी हे यंत्र निरोप घेताना विचारतं, लिहिलेलं जपून ठेवू का? पण टीपुढे शून्याहून मोठा आकडा असला, की उघडं असेल ते सगळं ते सक्तीने, न विचारता मिटतं. आम्ही साठ लिहिले होते. सूचना आली, पण अण्णा तेव्हा 'निष्काळजीपणा' या शब्दाचा 'ष' शोधत होते. पडदा काळा झाला. मी वर गेलो तेव्हा ते मांडीवर हात ठेवून बसले होते. मी म्हणालो, "अण्णा, आपण अकराची वेळ करू या का?"

"छे! नियम म्हणजे नियम. मीच दुपारी लिहायला हवं होतं."

नातवाने सूड म्हणून त्यांना एक गोष्ट सांगितली. विंडोज ८ आलं तेव्हापासून, म्हणजे २०१२ पासून, बटणाने बंद केलेला कॉम्प्युटर बहुधा पुरता बंद होतच नाही. सकाळी लवकर उठता यावं म्हणून तो आपली अर्धी शुद्ध डिस्कवर लिहून ठेवतो. अण्णांची ती रात्र वाईट गेली असणार, कारण सकाळी सातला ते माझ्या दारात होते. मी त्यांना धीर दिला, की हे बटणाचं झालं. तुमच्या आज्ञेत नुसता एस आहे, त्याने यंत्र पुरतं बंद होतं. अण्णांचा चेहरा उजळला. "म्हणजे त्याचं ते मालवणं आणि माझं ते वाढवणं," असं म्हणून ते आमच्या पॅसेजमधला दिवा बंद करून वर गेले.

आता सगळं आपोआप चालतं. दहाला कॉम्प्युटर निजतो, कोणी उठायची गरज नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी अण्णा उठतात आणि तो खरंच निजला का, ते बॅटरीच्या उजेडात पाहून येतात. गेल्या महिन्यात त्या बॅटरीला दोनदा सेल घालावे लागले.