पेटीतला जाळ

तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. डोंगरातून निघायचं आणि जाडजूड नळांतून उताराउतारानं शहर गाठायचं, एवढंच त्याचं काम. बदल्यात मुंबईकडून चढावर इकडे काय येतं, याची नोंद मात्र कुठल्या जलखात्यात नसेल. एक बटण रुसलेले मिक्सर येतात. पाय हलणारे टीपॉय येतात. मुलांना आखूड झालेली जॅकेटं येतात. आणि अलीकडे ओव्हन यायला लागलेत. डोंबिवली-ठाण्याच्या नातेवाइकांनी मोठा घेतला की धाकटा आमच्याकडे रवाना होतो. आमचा नणंदेकडून आला. कसारा लोकलमध्ये मांडीवर बसून आटगावपर्यंत आणि तिथून पुढे जीपच्या सीटवर. जीपवाल्यानं त्याचं वेगळं भाडं घेतलं, आणि सीट अडवली होती म्हटल्यावर बोलायला जागाच नव्हती.

"सोळा लिटरचा आहे, तुम्हाला पुरेल," नणंद फोनवर म्हणाली. सासूबाईंना हे काही पटलं नाही. तालुक्यात तानसा, तालुक्यात भातसा, आणि मे महिन्यात पाड्यापाड्यावर टँकरची वाट बघायची, अशा मुलखात लिटर म्हणजे पाणीच. "सोळा लिटर म्हंजे कळशीभर. कळशीभर हवा दिली का तिनं?" असं म्हणून त्यांनी काचेचं दार उघडलं, आत हात फिरवला आणि निकाल दिला, "मांजराला उघडायचं नाही हे दार. बरंय."

पुढे बरेच दिवस ओव्हननं फडताळाची नोकरी केली. दुधाचं पातेलं, झाकलेलं कालवण, उरलेल्या भाकऱ्या असं सगळं त्यात मांजरापासून सुरक्षित राहू लागलं. वर नणंदेनंच धाडलेलं क्रोशाचं कव्हर. मला वाटतं महाराष्ट्रातल्या निम्म्याशिम्म्या ओव्हनांचं आयुष्य असंच जात असावं. पुण्यात आत कढया असतात, आमच्याकडे कालवण होतं, एवढाच फरक. पेच एकच, की चुकून कोणी बटण फिरवलं तर आत काय आहे ते आधी बघायला हवं. हे कळायला घरातल्या एका प्लास्टिकच्या झाकणाचा बळी गेला.

मग घरातल्या शाळकरी मुलीनं यूट्यूबवर पाहून केक करायचा हट्ट धरला. केकचा डबा हवा होता. पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची जत्रा भरते. तिथं बैलांपासून घोंगड्यांपर्यंत सगळं मिळतं, पण आठ इंची केकचा डबा मिळेना. शेवटी भांडीवाल्याकडून उभ्या कडांचं ॲल्युमिनियमचं पातेलं घेतलं. घरी आणल्यावर त्याची कड दाराच्या काचेला टेकू लागली. दीर हातोडी घेऊन बसले, कड आत ठोकली, आणि पातेलं जरा लंबगोल होऊन आत बसलं. आमचे केक तेव्हापासून लंबगोलच असतात.

केकसाठी पहिल्यांदा बटण फिरवलं तेव्हा सासूबाई समोर पाट टाकून बसल्या होत्या. "जाळ कुठाय?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात वरच्या दोन कांड्या आणि खालच्या दोन कांड्या हळूहळू लाल झाल्या. त्या वाकून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे होय! वरखाली निखारे."

बेकिंगबद्दल मी पुढे जे काही वाचलं, त्यात याहून नेमकं कुठे सापडलं नाही. वरून आणि खालून सारखी धग द्यायची आणि मधल्या पदार्थाला कोंडून ठेवायचं, एवढंच तर ते शास्त्र. आणि हे इकडे कोणाला नवं नव्हतं. पाठारे प्रभूंचं आणि कायस्थांचं भानोलं असंच व्हायचं. खाली मंद विस्तव, वर झाकण, झाकणावर निखारे. कायस्थांचं निनाव तसंच. रायगडात थंडीत वालाच्या शेंगा आणि भांबुर्डीचा पाला मडक्यात भरून, मडकं उपडं घालून, भोवती जाळ करून पोपटी लावतात. आमच्याकडे पानांत गुंडाळून पानगे भाजतात, चुलीच्या गरम राखेत करांदे पुरतात. पेटी तेवढी नवीन. निखारे मागे राहिले आणि त्यांच्या जागी तार लावलेल्या कांड्या आल्या. फुंकायला नको, डोळ्यांत धूर नको आणि लाकडांसाठी रानात जायला नको. या शेवटच्या गोष्टीचं मोल ज्यानं डोक्यावर मोळी आणली नाही त्याला कळणार नाही.

पण ओव्हनचा आणि आमच्या स्वयंपाकघराचा स्वभाव एका बाबतीत मुळीच जुळेना. आपला स्वयंपाक म्हणजे मधे मधे हात घालायची मुभा. आमटी उकळत असताना येणारा-जाणारा झाकण उचलतो, डाव फिरवतो, तळहातावर थेंब घेऊन चाटतो आणि "मीठ कमी आहे" म्हणून पुढे जातो. तिखट पडलं तर गूळ, पातळ झालं तर कूट, जास्त झालं तर शेजारी एक वाटी. शेवटच्या क्षणापर्यंत अपील करता येतं. कमलाबाई ओगल्यांनी १९७० साली ‘रुचिरा’त वाटी-चमच्याचं माप सांगितलं आणि घराघरांतल्या नव्या सुनांचे प्राण वाचवले, पण त्यांच्याही कढीत उकळी यायच्या आधी मीठ चाखायची सोय होतीच. ओव्हनमध्ये तसं नाही. दार लावलं की संपलं. साखर कमी पडली, सोडा विसरला, दही आंबट होतं, जे काही असेल ते आत गेलं. आता काचेतून बघायचं. आणि दार उघडायचं नाही, कारण बाहेरची गार हवा आत गेली की अर्धवट फुगलेला केक मधोमध खचतो.

हे आमच्या घरात सांगून काही उपयोग नव्हता. दीर शेतावरून आले की सवयीनं दार उघडत. शेजारच्या आत्या आल्या की "काय टाकलंय गं?" म्हणत दार उघडत. मुलगी दर पाच मिनिटांनी उघडे आणि "मी फक्त बघितलं" म्हणे. शेवटी सासूबाईंनी पाट घेऊन ओव्हनसमोर बसायचं ठरलं. मुलीला परीक्षेतल्या पर्यवेक्षकाचीसुद्धा एवढी भीती वाटली नसेल. त्या काही करत नसत, नुसत्या बसत. आयुष्यभर चुलीवर हात चालवलेल्या बाईला पाऊण तास नुसतं बसायची सक्ती एखादं यंत्र करतंय, हे मी कौतुकानं बघत असे. त्या त्या वेळात वाल सोलत, ही गोष्ट वेगळी.

दुसरा वाद आकड्यांशी. पाककृतीत लिहिलेलं असतं : १८० अंशांवर ३५ मिनिटं. हे आकडे जिथे वीज सरळ येते तिथले. आमच्या ओव्हनच्या पाठीवर २३० व्होल्ट, १२०० वॉट असं कोरलेलं आहे. संध्याकाळी सगळ्या पाड्याचे दिवे, टीव्ही आणि पंप एकदम लागले की व्होल्टेज १६० वर बसतं. कांडीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबात उतरते, म्हणजे १६० ला बाराशे वॉटचा ओव्हन सहाशेचाही भरत नाही. काटा १८० वर ठेवलेला असतो, पण तिथे पोचायचं कधी, ते नाक्यावरची डीपी ठरवते. काट्याला फार तर गरम झाल्यावर कांडी बंद करता येते, व्होल्टेज वाढवता येत नाही. म्हणून आमच्याकडे केक दुपारी दोनच्या सुमाराला होतो, जेव्हा गाव झोपलेलं असतं. दोनचा केक ३५ मिनिटांत आणि सातचा केक रात्रीच्या जेवणानंतर. झाला की नाही हे घड्याळ सांगत नाही, सासूबाईंचं नाक सांगतं. "अजून पिठाचा वास येतोय," त्या म्हणतात, आणि सुरी घालून बघावं तर सुरीला पीठ चिकटलेलं असतंच.

हेच नाक एकदा आमच्या मुळावर आलं. पावसाळ्याच्या तोंडावर आठवड्याच्या बाजारातून बोंबील आले होते, आणि चुलीपेक्षा पेटीत ते फार सुरेख खरपूस होतात असा शोध सासूबाईंना लागला. खरंच होतात. मंद आचेवर, कुठेही न करपता, कडकडीत. दुसऱ्या दिवशी व्हॅनिला केक झाला. व्हॅनिलाची अर्धी बाटली ओतली असती तरी त्या केकला समुद्र विसरता आला नसता. शेजारच्या आत्यांना मात्र तो आवडला. त्या अजून विचारतात, तसा परत कधी करणार?

पावसाळ्यात या पेटीला खरा मान मिळतो, हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही. जुलैत इकडे मीठसुद्धा बरणीत पाझरतं. सादळलेला चिवडा, मऊ पडलेल्या शेवा, वाकणारे पापड यांना १०० अंशांवर दहा मिनिटं ठेवलं की दिवाळीसारखे वाजतात. शेंगदाणे तर आम्ही आता कढईत भाजतच नाही. नाचणीची बिस्किटंही करून पाहिली. नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसल्यानं ती उचलताना मोडतात, म्हणून सरळ चमच्यानं खायची पद्धत पडली आहे. मार्चमध्ये वेचून वाळवलेली मोहाची फुलं मनुकांऐवजी केकमध्ये घालतो. दुकानातल्या मनुकांपेक्षा ती मला बरी वाटतात. मुंबईचे पाहुणे "ही कुठली ड्रायफ्रूट्स?" म्हणून विचारतात तेव्हा आम्ही जरा वेळ उत्तर देत नाही.

आणि लाइट. ओव्हनचा टायमर विजेवर चालत नाही. आत स्प्रिंग असते. त्यामुळे लाइट गेली, कांड्या काळ्या पडल्या, तरी तो मन लावून टिकटिकत राहतो आणि वेळ भरली की आनंदानं टिंग करतो. आत कच्चं पीठ आणि बाहेर विजयाची घंटा. गेल्या पावसाळ्यात मुलीच्या वाढदिवसाला विसाव्या मिनिटाला लाइट गेली. वायरमनला फोन केला तर तो म्हणाला, झाड पडलंय, रात्र होईल. बाहेर औक्षणाचं तबक तयार, दारात पोरांच्या चपलांचा ढीग, आणि आत वरून नुकता सावळा झालेला आणि पोटात डुचमळणारा केक.

सासूबाई पाटावरून उठल्या. पडवीतली चूल पेटलेलीच होती. त्यांनी मोठ्या टोपात वाळू ओतली, वर लंबगोल पातेलं ठेवलं, परातीचं झाकण घातलं आणि चिमट्यानं एकेक निखारा उचलून परातीवर मांडला. कडेला दाट, मधे विरळ. "मधे जास्त ठेवला तर डोक्यावर जळंल," असं सांगत. काचेचं दार नसल्यानं या खेपेला कोणालाच काही दिसत नव्हतं, आणि गंमत म्हणजे कोणी झाकण उचललंही नाही. टायमरनं मधेच टिंग केलं, तिकडे कोणी बघितलं नाही.

केक मधे थोडा खचला, पण भाजला गेला. कडेला जरा धुरकट, मोहाच्या फुलांना किंचित करपट गोडवा. पोरांनी चाटूनपुसून संपवला. मुरबाडहून आलेल्या जाऊबाईंनी कृती मागितली. मुलीनं वहीचं पान फाडून सुवाच्य अक्षरात लिहून दिली : मैदा दोन वाट्या, दही एक वाटी, मोहाची फुलं मूठभर, १८० अंशांवर २० मिनिटं, नंतर लाइट घालवणे. जाऊबाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "आणि आमच्याकडे नाही गेली तर?"

सासूबाई म्हणाल्या, "जाईल."