शेळीसुद्धा दुभती असते

सासवडच्या बाजूला शेळ्या पाळणाऱ्याला येणारा-जाणारा पहिला प्रश्न विचारतो तो म्हणजे, बोकड कितीला जातो? विचारणाऱ्याच्या मनात काही वावगं नसतं. पण मी शेळ्या दुधासाठी पाळते, त्या दुधाचं घरी चीज करते, आणि हे सगळं सांगून झाल्यावरही पुढचा प्रश्न येतो, "ते ठीक आहे हो ताई, पण बकरी ईदला किती मिळतात?" याची मला तक्रार आहे. माझ्या बाकीच्या तक्रारीही अशाच बारीक आहेत. एकेक सुटी सांगितली की ऐकणारा म्हणतो, एवढ्यावरून काय एवढं. म्हणून आज सलग सांगते.

२०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या मोजल्या गेल्या. काळी, एका वेताला जुळी देणारी उस्मानाबादी त्यात सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती मटणासाठीच ठाऊक आहे. आमच्याकडे आहे ती संगमनेरी. नगर, नाशिक, पुणे या पट्ट्यातली, मटण आणि दूध दोन्हींसाठी पाळली जाणारी जात. करडांचं पोट भरून तिने लिटरभर दूध दिलं तर ती चांगली शेळी. पाहुणे मोबाइलवर सानेन जातीचे आकडे बघून येतात आणि गोठ्यात उभं राहून मला सांगतात की तिकडच्या शेळ्या दिवसाला तीन-चार लिटर देतात, मग तुम्ही त्या का नाही आणत? सानेन स्वित्झर्लंडच्या थंड खोऱ्यातली आहे. तिला एप्रिलच्या चाळीस अंशांत आमच्या पत्र्याखाली बांधणं मला क्रूरपणाचं वाटतं, आणि हे मला दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं.

औषधाच्या बाटलीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. जंताच्या औषधावर गाईचा डोस असतो, म्हशीचा असतो, आणि शेळीला मेंढीच्या ओळीत बसवलेलं असतं. शेळी म्हणजे मेंढी नव्हे. शेळीचं यकृत ही औषधं मेंढीपेक्षा लवकर मोडून काढतं, त्यामुळे मेंढीचा डोस तिला बऱ्याचदा अपुरा पडतो. अपुऱ्या डोसातून जे जंत वाचतात, ते पुढच्या खेपेला त्या औषधाला दाद देत नाहीत. हे पशुवैद्यकाच्या पुस्तकांत आहे, बाटलीवर नाही. आणि औषध दिल्यावर दूध किती दिवस टाकून द्यायचं, तो आकडा असलाच तर गाईचा. मी एका डॉक्टरांना हे विचारलं तेव्हा ते मनापासून चकित झाले. "शेळीचं दूध काढतं कोण?" असं त्यांनी मलाच विचारलं, तेही मी धारेचं भांडं हातात धरून उभी असताना. हा प्रश्न माझ्यासाठी साधा नाही. कासदाह झालेल्या शेळीला अँटिबायोटिक दिलं आणि त्याचा अंश दुधात राहिला, तर विरजणातले जिवाणू मरतात. रात्री लावलेलं दूध सकाळी जसंच्या तसं पातळ असतं, आणि प्यायलाही ते योग्य नसतं. तीन शब्द छापले असते तर भांडंभर दूध वाचलं असतं.

कुंपणापलीकडच्या बागेची छाटणी हा दुसरा विषय. कण्हेरीची डहाळी शेळीच्या जिवावर उठते. पान, फूल, साल, सगळं विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारं, आणि पाला वाळला तरी ते विष जात नाही. तरीही छाटणी झाली की फांद्या आमच्या बाजूला टाकल्या जातात आणि वर प्रेमाने हाक येते, "वहिनी, शेळ्यांना पाला टाकलाय बरं का!" घाणेरीचंही तेच. हिरवं दिसलं की ते शेळीचं, असा सर्वांचा पक्का समज आहे.

शेळी काहीही खाते हा त्याचा मोठा भाऊ. शेळीइतकं निवडून खाणारं जनावर माझ्या पाहण्यात नाही. शेवरीची कोवळी शेंडी आधी, मग पान, देठ मागे. मागच्या पायांवर उभी राहून बोरीचा वरचा पाला काढेल, पण गव्हाणीतून खाली पडून पायदळी गेलेला दशरथ घास हुंगून सोडून देईल. आम्ही चारा जमिनीवर न टाकता उंचावर बांधतो तो त्यासाठीच. असं असताना सणासुदीला घरी येणारी माणसं शिळ्या पोळ्या, भात, पितृपक्षातल्या नैवेद्याची उरलेली ताटं शेळ्यांपुढे ओततात. भात-पोळीतला स्टार्च कोठीपोटात भराभर आंबतो, आम्ल वाढतं, रवंथ बंद पडतो. शेळी मान खाली घालून कोपऱ्यात उभी राहते आणि दोन दिवस दूध आटतं. वाईट झालं तर शेळी जाते. "पुण्य लागतं हो," असं म्हणून ताट रिकामं करणाऱ्या मावशी तोपर्यंत आपल्या गावी पोचलेल्या असतात. मी गोठ्याच्या दारावर पाटी लावली आहे. पाटी वाचून माणसं आत येतात आणि विचारतात, एखादी पोळी चालेल ना?

पावसाळ्यात मात्र शेळीला दूध असतं हे सगळ्यांना एकदम आठवतं. डेंग्यूची साथ आली की ज्यांनी वर्षभर नाक मुरडलेलं असतं त्यांचे फोन सुरू होतात. शेळीच्या दुधाने प्लेटलेट वाढतात, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. याला आजवर धड पुरावा नाही. डेंग्यूत प्लेटलेट खाली जातात आणि ताप उतरल्यानंतरचे नाजूक दिवस सरले की बहुतेकांच्या आपोआप वर येतात. त्या दिवसांत पोटात जे गेलं असेल त्याला श्रेय मिळतं. साथीच्या काळात शहरांत शेळीच्या दुधाला कुणी म्हणेल तो भाव द्यायला लोक तयार होतात, आणि घाबरलेल्या माणसाकडून असे पैसे घेणं मला पटत नाही. मी भाव वाढवत नाही. मी फोनवर हे सांगते की पेशंटला डॉक्टरांकडे न्या, पाणी भरपूर पाजा, लघवीकडे लक्ष ठेवा. पलीकडून उत्तर येतं, "ते करतोच आहोत, पण तुम्ही दूध द्या, आणि कच्चंच द्या. उकळलं की त्यातली शक्ती जाते."

इथे मी आवाज चढवते. कच्चं दूध मी कुणालाही देत नाही. १८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने तिथल्या तापाचा जंतू शोधला. तो जंतू शेळ्यांत असतो हे थेमिस्टोक्लिस झामित यांनी १९०५ साली दाखवलं, आणि दुधातून तो माणसात येतो हे उघड झालं. ब्रिटिश सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं तेव्हा त्यांच्यातला ताप ओसरला. तोच ब्रुसेलोसिस. आपल्याकडच्या जनावरांतही तो आहे. अंगात डेंग्यू असलेल्या माणसाला कच्चं दूध पाजून महिनोन् महिने चढ-उतार करणारा दुसरा ताप द्यायचा, याला मी मदत म्हणत नाही. मी नाही म्हटलं की माणसं दुखावतात. माझ्या पाठीमागे नातेवाइकांत माझ्याविषयी जे बोललं जातं तेही माझ्या कानावर येतं. तापातून उठलेला पेशंट पाहून मला बरंच वाटतं. पण त्यातला एकही जण दिवाळीत चीज न्यायला येत नाही, हे सांगायला हवं.

गांधीजींचा दाखला ठरलेला असतो. "गांधीजी हेच प्यायचे ना?" प्यायचे. त्यांनी दूध न घेण्याचं व्रत घेतलं होतं. मोठ्या आजारपणात, मुंबईत डॉक्टर दलालांनी दूध घ्यावंच लागेल असं सांगितलं, तेव्हा व्रत घेताना मनात गाय-म्हैसच होती ना, मग शेळीचं चालेल, असं कस्तुरबांनी सुचवलं. आपण व्रताचे शब्द पाळले, आत्मा मोडला, ही सल गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे. शेळीचं दूध पिताना त्यांच्या मनाला एवढं लागलं होतं. ते ऐकायला कुणी थांबत नाही.

आता चीज. सड धुऊन पुसून धार काढायची, पहिल्या चिळकांड्या वेगळ्या वाटीत, दूध लगेच गाळून थंड करायचं. एवढं केलं आणि बोकड दुभत्या शेळ्यांपासून लांब बांधला तर दुधाला वास येत नाही. माजावर आलेल्या बोकडाचा उग्र दर्प दुधात उतरतो, हे खरं. म्हणून तर त्याला लांब ठेवतो. तरीही पाहुणे पेला आधी नाकाशी नेतात. मग दूध ६३ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, बावीस-तेवीस अंशांपर्यंत निववायचं, विरजण घालायचं, दूध जमवणाऱ्या, पाण्यात पातळ केलेल्या रेनेटचे मोजके थेंब घालायचे आणि बारा ते अठरा तास हात लावायचा नाही.

हात लावायचा नाही. हे वाक्य आमच्या घरात कुणालाही कळत नाही. कुणी झाकण उघडून बघतं. कुणी पातेलं तिरकं करून बघतं. आत्येसासूबाई "लागलंय का बघत होते गं" म्हणत चमचा घालून बघतात. एकदा तर मदत म्हणून पातेलं उचलून फ्रिजमध्ये ठेवण्यात आलं. शेळीच्या दुधातल्या प्रथिनांची ठेवण गाईच्या दुधापेक्षा वेगळी असते. दही घट्ट बसवणारं एक केसीन त्यात बहुधा कमी असतं, म्हणून त्याची जमण मुळातच हळवी. चमचा लागला की ती फुटते, आणि जे कापडात राहायचं ते निवळीबरोबर वाहून जातं. लिटर-लिटर करून साठवलेलं ते दूध असतं. दोन वेळच्या धारा, पहाटेची उठबस, चाऱ्याचे भारे, सगळं त्या पातेल्यात असतं. बघायचंच असेल तर मला विचारा, मी दाखवीन.

उन्हाळ्यात बावीस अंश आणायचे कुठून, हा प्रश्न मी गार पाण्याचं टप, ओलं गोणपाट आणि रात्रीची वेळ यांवर सोडवते. आठवड्यातून एकदा दुरुस्तीसाठी वीज बंद असते, ती नेमकी कधी येणार ते कळत नाही. मुरवायच्या चीजला दहा-बारा अंश आणि भरपूर दमटपणा लागतो. घरचा फ्रिज चार अंशांचा आणि कोरडा, त्यात चीजला तडे जातात. म्हणून मी बहुतेक ताजं, मऊ चीजच करते आणि मुरवलेलं थंडीत.

रेनेटची पुडी मिळते ती डेअरीच्या मापाची. शेकडो लिटर दुधाची पुडी उघडून त्यातून पाच लिटरपुरतं मोजून घेणं हे कामच वेगळं आहे, आणि उघडलेल्या पुडीचा जोर हळूहळू उतरतो. ती एका बुरशीपासून केलेली, शाकाहारी असते. वासराच्या किंवा करडाच्या पोटातलं रेनेट मी वापरत नाही. शाकाहारी माणसं मला याबद्दल खोदून विचारतात आणि त्यांनी विचारावंच. पण हीच माणसं मॉलमध्ये पिझ्झा मागवताना एक शब्द विचारत नाहीत. घरी, हाताने, सगळं उघड सांगून करणारीलाच तेवढी साक्ष द्यावी लागते.

मलमलीत बांधून टांगलं की ठरलेलं वाक्य येतं, "अगं, हा तर चक्काच." चक्का मलाही आवडतो. पण उबेत पटकन लागलेल्या दह्याचा चक्का वेगळा आणि गारव्यात रात्रभर सावकाश आंबवलेली, रेनेटने धरलेली ही जमण वेगळी. तिची चव जिभेवर शेवटी येते, किंचित आंबट, किंचित रानाची. त्यावर कुणी साखर आणि वेलदोडा घालून बघितलेला मी सहन केला आहे. आपल्याकडे असलं कुणी खात नाही, असंही म्हणतात. मुंबईतल्या पारशी घरांत टोपली पनीर आहे, रेनेटने लावलेलं, छोट्या टोपल्यांत निथळवलेलं. आपल्याकडे म्हणजे कुठे, ते एकदा ठरवायला हवं.

भावाचंही तसंच. दहा लिटर दुधातून दीड-पावणेदोन किलो मऊ चीज निघतं. दहा लिटर म्हणजे आमच्या बहुतेक सगळ्या शेळ्यांच्या दोन्ही वेळच्या धारा. गिऱ्हाईक पनीरचा भाव सांगतं. गाई-म्हशीच्या पनीरचा भाव लावून शेळीच्या चीजची किंमत ठरवू नये, एवढं माझं साधं म्हणणं आहे. शिवाय करडांचा वाटा मी तोडत नाही. ती पिऊन झाल्यावर जे उरतं त्यावर हे सगळं उभं आहे, आणि शेळी आटली की चीज नाही. बारा महिने एकसारखा माल द्या, असं शहरातले दुकानदार सांगतात. गाभण शेळीला विण्याआधी दीड-दोन महिने विश्रांती द्यावी लागते. दुकानासाठी ती मी मोडणार नाही.

डब्यांचा विषय राहिला. चीज मी रुंद तोंडाच्या स्टीलच्या डब्यांत देते. ते उकळून काढता येतात, कोपऱ्यांत काही अडकत नाही, झाकण घट्ट बसतं. डबा परत द्यायचा, असं प्रत्येकाला देताना सांगते. पुण्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत त्या डब्यांत आता चिवडा आणि शेवया आहेत, मी स्वतः पाहिल्या आहेत. मोठ्या डब्यावर तळाला माझं नाव कोरलेलं आहे. या महिन्यात दोन शेळ्या वितील, महिन्याभराने दूध सुरू होईल, तोवर डबे धुऊन पाठवावेत. एसटीने पाठवले तरी चालतील, भाडं मी देईन.