बॅगेतली रिकामी जागा

प्रवासाला निघण्याआधी आठ दिवस मी बॅग भरण्याचा अभ्यास केला. सदऱ्याची घडी घालायची नाही, सुरळी करायची. जड वस्तू तळाशी, मोजे बुटांच्या पोटात. पोकळ वस्तू रिकामी ठेवायची नाही. तीन सदरे, दोन विजारी, बुटांचा एक जोड. ‘असू दे, लागलं तर’ या सदराखाली एकही वस्तू नाही. एवढं करून बॅग अर्धी रिकामी राहिली. हलवली तर आतल्या सुरळ्या घरंगळायच्या. तो आवाज ऐकायला मी ती दोनदा जास्तच हलवली.

वजन करायला ती कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडे नेली. त्याने काट्याला अडकवत विचारलं, “पेपर की पुस्तकं?”

“कपडे.”

“कपडे नाही घेत आपण,” म्हणाला, पण वजन सांगितलं. ८ किलो २०० ग्रॅम.

घरी येऊन हा आकडा बायकोला सांगितला. ती म्हणाली, “अहो, जागा ठेवलीत ते बरं केलंत.” मला ते कौतुक वाटलं. तिने स्वतःच्या बॅगेत एक रिकामी कापडी पिशवी रुमालाएवढी करून ठेवली, तेव्हाही माझ्या काही लक्षात आलं नाही. मी बॅग भरायला आठ दिवसांत शिकलो होतो. ती गोव्यातल्या डिचोलीत जन्मली होती.

बेत असा होता : डोंबिवलीहून निघून पेडण्याला माझ्या आत्याकडे, तिथून डिचोलीला सासुरवाडी, शिरगावला लईराईची जत्रा आणि परत. जाताना रेल्वे, येताना विमान. स्लीपरच्या प्रवाशाला रेल्वे ४० किलो सामान फुकट नेऊ देते. समोरच्या बाकावरचं सावंतवाडीचं कुटुंब या सवलतीचा ग्रॅमन्‌ग्रॅम वापरत होतं. बाकाखाली त्यांचं सामान, वर त्यांचं सामान आणि मध्ये, जागा उरली तिथे, ते. मी माझी बॅग मांडीवर घेऊन त्यांच्याकडे दयेने पाहत होतो.

पेडणे स्थानकाच्या अलीकडे बोगदा लागतो. कोकण रेल्वेच्या अभियंत्यांना या बोगद्याने रडकुंडीला आणलं होतं. डोंगराच्या पोटात कातळ नाही, मऊ माती. जेवढी बाहेर काढावी तेवढी पुन्हा ढासळून आत यायची. २६ जानेवारी १९९८ ला अख्खा मार्ग सुरू झाला, पण हा डोंगर अजून पुरता मनवलेला नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये पावसाने बोगद्याची भिंत पुन्हा कोसळली होती. काढलं की पुन्हा भरतं, हा पेडण्याच्या भूमीचाच गुण आहे. तो मातीपुरता नाही, हे कळायला मला अर्धा तास लागला.

आत्या दारातच होती. “कितें रे, इतलेंच सामान? राहायला आलास की पत्ता विचारायला?”

तिने एका हाताने बॅग उचलली, हलवली. सुरळ्या घरंगळल्या. आत्याचा चेहरा पडला. “अगो बाई, अर्धी रिकामी!” बोर्डिंगहून आलेल्या नातवाच्या बरगड्या दिसल्यावर आजी ज्या सुरात बोलते, तो सूर. त्या क्षणापासून माझं तिच्या घरातलं स्थान दुय्यम झालं. तिने बॅगेला जेवू घालायला घेतलं.

आधी कोकमाची सोलं, किलोभर. मग भौगोलिक मानांकन मिळालेली हरमलची मिरची, अर्धा किलो. मग पाच किलो उकडे तांदूळ. “आत्ये, तांदूळ मुंबईला मिळतात गो,” मी म्हटलं.

“मिळतात ना! म्हणून काय घेऊन जायचे नाहीत?”

या तर्काला उत्तर नव्हतं. पाठोपाठ दोन किलो सुकं खोबरं आलं. संध्याकाळी भगवतीच्या देवळात गेलो. तिथल्या दारातले दोन मोठे हत्ती मला फार आवडले, पण मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. पेडण्यात ज्याची स्तुती करावी ते बांधून मिळतं.

घरात आत्याच्या नव्वदी ओलांडलेल्या सासूबाई होत्या. त्यांनी हा सारा कारभार खाटेवरून पाहिला आणि मला जवळ बोलावलं. १९६१ पूर्वी, पोर्तुगीज अमदानीत, त्या हद्द ओलांडून सावंतवाडीला माहेरी जायच्या. नाक्यावर गाठोडं सोडून दाखवावं लागे. “म्हणून मी तीन लुगडी एकावर एक नेसून जाय,” त्या म्हणाल्या. “गाठोड्यात कमी, अंगावर जास्त. विसरू नको.” बॅग भरण्याविषयी आठ दिवसांत मी जे काही वाचलं, त्यात हे वाक्य नव्हतं.

मग सासुरवाडीला, डिचोलीला. डिचोली कुंभारकामासाठी आणि पितळी समयांसाठी नावाजलेली आहे. समई मी ओझरत्या नजरेनेसुद्धा पाहिली नाही. पण जेवताना चुकून बोलून गेलो, “हुमण फार छान झालंय.”

सासूबाई म्हणाल्या, “ते कुंडल्यामुळे. स्टीलच्या पातेल्यात ती चव येत नाही.” दुसऱ्या दिवशी पानावर बसलो तेव्हा पानाशेजारी कोरं मातीचं कुंडलं. वजन २ किलो ४०० ग्रॅम.

“जावईबापू, फुटेल म्हणून काळजी करू नका,” म्हणत त्यांनी माझ्या सदऱ्यांच्या सुरळ्या उलगडल्या आणि कुंडल्याभोवती गुंडाळल्या. कुंडलं आतून पोकळ होतं. पोकळ वस्तू रिकामी ठेवायची नाही, हा नियम मीच गाडीत बायकोला समजावून सांगितला होता. तिने तो आईला सांगितला. कुंडल्यात मानकुराद आंबे गेले. जे मावले नाहीत ते बुटांत. मोजे बाहेर आले.

रात्री शिरगावला गेलो. लईराईच्या जत्रेला हजारो धोंड येतात. देवीच्या व्रतस्थ भक्ताला इथे धोंड म्हणतात. त्यांच्यातला एक जण माझ्या शेजारीच उभा होता. कमरेला धोतर, गळ्यात मोगऱ्याचे हार, हातात रंगीत गोंड्यांची वेताची काठी. संपलं सामान. या प्रवासासाठी मी पायताणाचे दोन जोड आणले होते. हा गृहस्थ पहाटे होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणार होता आणि त्याच्या पायांत काहीच नव्हतं. माझा आठ दिवसांचा अभ्यास तिथेच बुडाला.

लईराई सात बहिणींतली एक. म्हापशाची मिलाग्रिस सायबीण हीसुद्धा तिची बहीणच, असं इकडची माणसं मानतात. देऊळ आणि चर्च, पण उत्सवाला एकमेकींकडे तेल आणि मोगरा पाठवण्याची रीत. देवीच्या घरी ही तऱ्हा, तिथे डोंबिवलीचा भाचा अर्धी बॅग रिकामी घेऊन परत जाणार म्हणतो! आत्याचा चेहरा का पडला, ते मला होमकुंडाच्या उजेडात लख्ख दिसलं. बाहेर पडलो आणि आपण होऊन किलोभर खाजं घेतलं.

परतीचं विमान मोपाहून होतं. पेडणे तालुक्यातल्या पठारावरच्या या मनोहर विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ ला झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं उडू लागली. आत्या या विमानतळावर खूश आहे. पाहुण्याला उशिरापर्यंत जेवू घालता येतं. सोडायला आतेभाऊ आला होता.

आमच्या तिकिटावर माणशी १५ किलो. बायकोची बॅग काट्यावर चढली : १४ किलो ९०० ग्रॅम. तिने ती आदल्या दिवशी माहेरच्या गल्लीतल्या वाण्याकडे तोलून आणली होती. मग माझी. २२ किलो ४०० ग्रॅम. रेल्वेने ४० किलो देऊ केले तेव्हा माझ्याकडे आठ होते. विमानाने १५ दिले तेव्हा बावीस.

काउंटरवरची मुलगी तालुक्यातलीच असावी. तिने बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काका, बॅगेंत सुकें खोबरें आसा?”

“आसा,” मी कबुली दिली.

सुकं खोबरं विमानात चालत नाही. तेलकट असतं, पेट घेऊ शकतं. परवा पहाटे माणसं निखाऱ्यांवरून चालून गेली होती. आज अख्खं विमान माझ्या खोबऱ्याला घाबरलं होतं.

बॅग भर विमानतळावर उघडली. खोबरं बाहेर : दोन किलो. आंबे कुंडल्यातून आणि बुटांतून काढून तांदळावर निजवले आणि कुंडलं बायकोच्या रुमालाएवढ्या पिशवीत गेलं : २ किलो ४००. पिशवी उघडताना ती एक शब्द बोलली नाही, हे तिचे उपकार. उरले तीन किलो. सोलं काढावीत? आत्याला काय सांगू? तांदूळ? खाजं? एकेक वस्तू हातात घेतली आणि परत ठेवली. शेवटी बॅगेत एकच सामान असं निघालं, ज्याच्यावाचून कोणाचं अडणार नव्हतं. माझं. एक सदरा, आजींच्या लुगड्यांना स्मरून, अंगावरच्या सदऱ्यावर चढवला. दोन सदरे, दोन विजारी आणि बूट खोबऱ्यासह दारापाशी थांबलेल्या आतेभावाच्या हवाली केले. काटा बरोबर १५ वर थांबला. वैशाखात दोन सदरे घालून मी विमानात बसलो, मांडीवर कुंडलं.

ते कपडे अजून पेडण्याला आहेत. आतेभाऊ अधूनमधून वापरतो. मी गेलो की धुऊन देतो, सुरळी न करता, घडी घालून. यंदा निघण्याआधी बॅग पुन्हा रद्दीवाल्याकडे नेली. काटा तीन किलोंवर थांबला, तेही बॅगेचेच. त्याने ती हलवून पाहिली.

“रिकामी?”

म्हटलं, “जाताना.”