पाव किलो आणि धडी

बँकेतून निवृत्त झालेल्या पुणेकराला दोन हौशी असतात. एक लोकांना शिकवायची, दुसरी आपण फुकट शिकवतो हे सांगायची. दोन्ही एकदम भागाव्यात म्हणून मी ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत तीन महिने मुलांना गणित शिकवायचं कबूल केलं. निघताना सूचनांचा एक कागद हातात पडला. पहिली सूचना : स्थानिक भाषेत बोला. चौथी : कोणाकडून काही घेऊ नका. झेलम एक्सप्रेसमध्ये मी तो कागद पाठ करून टाकला.

पहिल्याच सकाळी पहिली सूचना अमलात आणली. कॉलनीच्या तोंडाशी भाजीचा ठेला होता.

"आलू कैसे दिया?"

"सौ की धड़ी."

धडी म्हणजे वाटा असणार, असं मी धरून चाललो. वाट्याला शंभर रुपये म्हणजे लूटच! मी पुणेरी बाणा दाखवून "अस्सी" म्हणालो. तो जरा घुटमळला, मग माझ्या पिशवीत बटाटे ओतू लागला. ओततच राहिला. पिशवीचा बंद ताणला गेला तेव्हा मी ओरडलो, "बस बस, पाव किलो ही चाहिए!"

"धड़ी माने पाँच किलो, बाबूजी," तो म्हणाला आणि न मागता वर मूठभर मिरच्या आणि कोथिंबिरीची जुडी टाकली. एका धडीनं मला शिकवलेला हा पहिला धडा.

एकटा माणूस आणि पाच किलो बटाटे! घरमालकीणबाईंनी, म्हणजे काकींनी, पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बसून जा. चहा घेऊन घ्या." त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेले, त्यामुळे घरात मराठी, पण हिंदीच्या वळणाची. आमच्याकडे माणसं नुसतीच बसतात, इथली बसून जातात. पुढचे पंधरा दिवस माझेच बटाटे पराठे, रस्सा आणि काचऱ्या होऊन माझ्या ताटात येत राहिले. माल माझा असल्यानं चौथी सूचना शाबूत राहिली, असा निकाल मी स्वतःच दिला.

एकदा जेवताना मी म्हणालो, "अ‍ॅक्चुअली काकी, बेसिकली मला इथलं कल्चर एक्सप्लोर करायचंय." काकींनी पोळी तव्यावरच ठेवली. "तुमची मराठी थोडी बिघडली आहे का हो? पुण्यात सगळे असंच बोलतात?" मी त्यांच्या 'बसून जा'वर मनातल्या मनात लाल शाई फिरवत होतो आणि त्या माझा पेपर तपासून मोकळ्या झाल्या होत्या.

वर्गात वेगळीच गंमत. मी गणित घातलं की मागच्या बाकावरून आवाज यायचा, "काए, सरजी?" मला वाटलं, पोरगं चक्क मराठीत 'काय' विचारतंय. मी भरून येऊन पाच मिनिटं अस्खलित मराठीत समजावलं. वर्ग चिडीचूप. इथल्या बोलीतलं 'काए' म्हणजे 'का', हे नंतर कळलं. पोरानं कारण विचारलं होतं आणि मी त्याला अख्खं भाषण दिलं होतं.

मग मुलांना घेऊन किल्ल्याच्या वाटेवरचं चतुर्भुज मंदिर गाठलं. तिथल्या इ. स. 876 च्या शिलालेखात 270 हा आकडा शून्यासह कोरलेला आहे. देवाला दिलेल्या बागेची लांबी 270 हात आणि देवासाठी रोज 50 हार, असा तो हिशेब. मी हात जोडून म्हणालो, "बच्चों, यह शून्य देखो!" एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "सरजी, यह तो मेरी कॉपी में भी है. आपने ही दिया था." अकराशे वर्षं टिकलेल्या शून्यापुढे माझी लाल पेन्सिल फार छोटी वाटली. परत आल्यावर मी तिची वही पुन्हा तपासली.

रिक्षावाला एकदा म्हणाला, "निंबालकर की गोठ से निकल लें?" मी गाईगुरं शोधू लागलो. ही गोठ म्हणजे आपला 'गोट', सरदाराच्या फौजेचा तळ, हे काकींनी सांगितलं. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी लष्कराची छावणी टाकली. ती उठलीच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, वाड्यांभोवती बाजार आले आणि शहराच्या त्या भागाचं नाव आजही लष्करच आहे. 'थोडे दिवस' म्हणून आलेल्या मराठी माणसाचं इथे काय होतं, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

माझे तीन महिने संपले तेव्हा हिशेब मांडला. दिले : बेरीज, वजाबाकी आणि बरेचसे शून्य. घेतले : रोजचा चहा, थंडीभर गजक आणि दुरुस्त केलेली मराठी. चौथी सूचना पार बुडाली होती.

तेव्हा परमुलखात सेवेला निघणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. सूचनांचा कागद घरी ठेवा आणि आधी तिथलं माप शिकून घ्या. आपण पाव किलो द्यायला जातो. तिथली माणसं धडीनं देतात, वर कोथिंबीरही टाकतात. पिशवी मोठी न्या.