थकबाकीशास्त्री

पूर्वीचा ऋणको सावकार समोरून येताना दिसला की बोळात शिरत असे. आमचे रावसाहेब ज्या नव्या ऋणकोवर्गाचे भूषण आहेत, त्यातील गृहस्थ मात्र तगाद्यास आलेल्या इसमाला आत बोलावून, पंखा लावून, शास्त्रार्थास बसवितो. रावसाहेब हे त्यांचे नाव नव्हे, ती वृत्ती होय. आणि ठाण्यापासून कोथरूडपर्यंत ज्या सोसायटीची लिफ्ट नादुरुस्त आहे, तेथे त्या वृत्तीचा निदान एक सभासद आढळतोच.

क्रेडिट कार्ड त्यांनी घेतले ते मॉलच्या दाराशी, सोबत प्रवासी बॅग फुकट मिळते म्हणून. पुढे भिंतभर टीव्ही, मेव्हणीच्या लग्नातला आहेर आणि काश्मीरची सहल ही सारी त्या बॅगेतूनच बाहेर पडली. दरमहा येणाऱ्या बिलात ‘एकूण देय’ आणि ‘किमान देय’ असे दोन आकडे असत. पैकी पहिला केवळ माहितीसाठी छापतात, अशी प्रामाणिक समजूत असल्यामुळे रावसाहेब दुसरा आकडा मुदतीपूर्वी दोन दिवस, काहीशा दातृत्वाच्या भावनेने भरीत. एक लाखाच्या बाकीवर पाच टक्क्यांनी भरलेल्या ५,००० रुपयांतून, दरमहा साडेतीन टक्क्यांप्रमाणे ३,५०० रुपये व्याजात आणि त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटीचे ६३० रुपये सरकारजमा होऊन मुद्दलाच्या वाट्यास अवघे ८७० येतात, शिवाय जुनी बाकी उभी असेतो नव्या खरेदीस बिनव्याजी मुदत नसल्याने कार्डावर घेतलेली कोथिंबीरसुद्धा पहिल्या दिवसापासून व्याज खाते, हा हिशेब वहिनींनी कालनिर्णयाच्या पाठीवर मांडून दाखविला, तेव्हा “कमी होतंय ना? मग झालं तर!” एवढे बोलून त्यांनी वर्तमानपत्र उघडले.

यथावकाश कंपनीत पगार लांबला, किमानही थांबले, आणि नव्वद दिवस उलटताच त्यांचे खाते ‘अनुत्पादक’ सदरात गेले. हा शब्द रावसाहेबांच्या जिव्हारी लागला. येथून त्यांच्या विद्वत्तेस प्रारंभ होतो.

विनातारण कर्ज थकणे हा दिवाणी मामला असून फौजदारी गुन्हा नव्हे, हे त्यांना इतके मुखोद्गत झाले की, “काका, पोलीस घेऊन येऊ का?” असे विचारणाऱ्या वसुलीच्या पोराला “आण बाबा, पण साखर कमी घेतात का ते विचारून आण,” असे ते शांतपणे सांगत. सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर तगाद्याचा फोन करू नये, ही रिझर्व्ह बँकेची ताकीद कळल्यापासून त्यांनी एक नोंदवहीच घातली होती. सात वाजून चार मिनिटांनी फोन वाजला की त्यांच्या मुद्रेवर जी प्रसन्नता पसरे, ती पगाराच्या दिवशीही कधी दिसली नाही. तीस टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा होय, या राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या २००८ सालच्या निवाड्याचे कात्रण त्यांनी लॅमिनेट करून दर्शनी भिंतीस लावले होते. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द ठरविला. त्या रात्री ते जेवले नाहीत, पण कात्रणही काढले नाही.

टाय बांधून आलेल्या त्या घामाघूम पोराला त्यांनी दामदुपटीचा हिंदू धर्मशास्त्रातील दंडक, म्हणजे एका वेळी मुद्दलाहून अधिक व्याज मागू नये हा, सविस्तर विशद करून सांगितला. “सर, आमच्या सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही,” एवढेच तो म्हणाला. मग रावसाहेब १८७५ सालावर गेले. पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या रयतेने सावकारांची खतपत्रे कशी जाळली, हे त्यांनी हातवारे करून वर्णिले. पोराने चहाचा कप खाली ठेवीत विचारले, “पण काका, आमचं सगळं सर्व्हरवर असतं. तुम्ही जाळणार काय?” संपूर्ण वादात रावसाहेब निरुत्तर झाल्याचा हा एकच प्रसंग.

शास्त्रचर्चा चालू असताना व्यवहार मात्र आपल्या गतीने चालला होता. कार्ड देणाऱ्या बँकेतीलच बचत खात्यातून वळती करण्याच्या अधिकारान्वये एके दिवशी बँकेने शिल्लक परस्पर उचलली, आणि त्यांच्यासह संयुक्त अर्जदार होऊन मुलाने केलेला गृहकर्जाचा अर्ज सिबिलचा आकडा पाहून माघारी आला. अखेर तडजोड होऊन निम्मी रक्कम माफ झाली, तेव्हा रावसाहेबांनी पेढे वाटले. परंतु पतनोंदीत खाते ‘बंद’ असे न लिहिता ‘सेटल्ड’ असे लिहितात, आणि ते वाचून पुढचा धनको खुर्ची मागे सरकवितो, हे पेढे संपल्यावर समजले. तरी मुलापेक्षा सूनबाईंना ते अधिक लवकर समजले होते, असे वहिनी म्हणतात.

एवढी विद्वत्ता वाया जाऊ नये म्हणून गेल्या वार्षिक सभेत सोसायटीने त्यांना एकमताने देखभाल-वर्गणीच्या वसुलीवर नेमले. त्या वेळच्या आदर्श उपविधीनुसार थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज आकारता येत असे; आकारणी पुऱ्या एकवीसनेच व्हावी, हा ठराव रावसाहेबांनीच मांडला. हल्ली सकाळचे आठ वाजले की ते नोंदवही काखोटीस मारून जिना चढू लागतात. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या थकबाकीदार सभासदाने दार किलकिले करून, “रावसाहेब, तूर्त थोडी किमान रक्कम भरली तर?” अशी पृच्छा केली.

“किमान?” रावसाहेब चष्म्यावरून पाहत उत्तरले, “तसलं काही उपविधीत नाही.”